व्हीसीव्ही रॅक २ : आवाजाची बाराखडी गिरवण्याची पाटी

व्हीसीव्ही रॅक म्हणजे संगणकात चालणारा मॉड्युलर सिंथेसायझर: आवाज घडवणारे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल्स, पडद्यावर केबलांनी जोडायचे. रॅक पहिल्यांदा उघडलं की एक तयार पॅच, म्हणजे अशी एक जोडणी, समोर येतो. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), फिल्टर (त्यातले पट्टे गाळणारा), व्हीसीए (पातळी कमी-जास्त करणारा) आणि एडीएसआर (पातळीचा चढउतार ठरवणारा) आधीच केबलांनी जोडलेले असतात आणि संगणकाच्या कळा दाबल्या की लगेच सूर वाजतो. शिकायचं असेल तर तो पॅच पाच मिनिटं वाजवावा, मग सगळं निवडून सरळ पुसून टाकावं. दुसऱ्याने जोडलेल्या केबला बघून मॉड्युलर कळत नाही. रिकाम्या पटावर उजवी क्लिक करून एक-एक मॉड्यूल मागवायचं आणि प्रत्येक केबल का जोडली ते स्वतःला सांगता आलं पाहिजे.

हे परीक्षण रॅकच्या दुसऱ्या आवृत्तीचं आहे. अँड्र्यू बेल्ट यांनी रॅक सप्टेंबर २०१७ मध्ये लोकांसमोर आणलं, १.० आवृत्ती जून २०१९ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून २ चालू आहे. मोफत आवृत्तीचा कोड खुला आहे आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. प्रो आवृत्तीला पैसे पडतात. तिची मुख्य कमाई म्हणजे रॅक एखाद्या डॉच्या (DAW, म्हणजे संगीत मुद्रित करायच्या सॉफ्टवेअरच्या) आत प्लगइन म्हणून उघडता येतं. शिकणाऱ्याला प्रोची गरज नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोफत रॅकमधला आवाज फाइलमध्ये उतरवायचा तर व्हीसीव्हीचंच रेकॉर्डर नावाचं मोफत मॉड्यूल आहे. मोफत रॅकचा आवाज थेट डॉमध्ये न्यायचा तर ब्लॅकहोल किंवा व्हीबी-केबलसारखी आभासी ध्वनिवाहिनी मधे टाकावी लागते. प्लगइन हवंच आणि पैसे टाकायचे नसतील, तर रॅकच्याच खुल्या कोडवर उभं असलेलं कार्डिनल आहे. त्यात मॉड्यूल्सचा संच ठरलेला असतो, बाहेरून भर घालता येत नाही. शिकताना ती अडचण नसून सोय ठरते.

कारण रॅकचा खरा धोका विपुलतेत आहे. लायब्ररीत हजारो मॉड्यूल्स आहेत आणि बरीचशी मोफत आहेत. नवा माणूस पहिल्या आठवड्यात दोनशे उतरवतो आणि एकाचाही प्रत्येक नॉब त्याला माहीत नसतो. पहिल्या महिन्यासाठी बारा पुरतात, आणि बाराही रॅकसोबतच येतात: व्हीसीओ (ऑसिलेटर), व्हीसीएफ (फिल्टर), व्हीसीए, एडीएसआर, एलएफओ (सावकाश हेलकावणारे व्होल्ट देणारा), नॉइज, सेक-३ (सीक्वेन्सर, म्हणजे पायरीपायरीने व्होल्ट देणारा), मिक्सर, प्रोसेस, स्कोप (व्होल्टची रेषा दाखवणारा), मिडी-टू-सीव्ही (कळांचे व्होल्ट करणारा) आणि ऑडिओ. तेरावं मागवण्याआधी या बारांनी काय जमत नाही ते शब्दांत सांगता यायला हवं. एक उदाहरण पुढे येईलच.

व्होल्टचे नियम

रॅकमध्ये सगळं व्होल्टमध्ये मोजलं जातं, आणि हे आकडे पाठ असले की निम्म्या चुका होतच नाहीत. सुरासाठी एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. शून्य व्होल्टला मधला सी, म्हणजे २६१.६३ हर्ट्झ. ऐकू येणारा आवाज साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट. गेट, म्हणजे कळ दाबल्याची खूण, १० व्होल्टचा. एन्व्हलप, म्हणजे एडीएसआरमधून निघणारा चढउतार, ० ते १०. ऑडिओ मॉड्यूलला १० व्होल्ट म्हणजे पूर्ण पातळी. त्यापुढचा आवाज कापला जातो. प्रत्येक नॉबवर उजवी क्लिक करून नेमका आकडा टाइप करता येतो आणि दोनदा क्लिक केलं की नॉब मूळ जागी येतो. खऱ्या यंत्रात ही चैन नाही. शिकणाऱ्यासाठी रॅकचा सगळ्यात मोठा गुण विचाराल तर आवाज, मॉड्यूल्स वगैरे नंतर. आकडा टाइप करता येणं आणि स्कोपवर तो दिसणं, हा पहिला.

पहिल्या दिवशी अडकवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. अजिबात आवाज नाही: ऑडिओ मॉड्यूलमध्ये ड्रायव्हर आणि उपकरण निवडलेलं नसतं. आवाज तडतडतो: ब्लॉक साइज (एका वेळी हाताळायचे ध्वनिनमुने) फार लहान आहे किंवा प्रोसेसर थकलाय. एफ३ दाबलं की कुठलं मॉड्यूल किती भार खातंय ते त्याच्या अंगावरच दिसतं. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा ब्लॉक म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर. वाजवताना तो जाणवत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करा. एलएफओ फिल्टरला लावला आणि अर्धा वेळ आवाजच गायब होतो: एलएफओ शून्याच्या खालीही जातो. त्याचं ऑफसेट बटण दाबलं की तो ० ते १० व्होल्टमध्ये फिरतो. सूर बेसूर वाजतो: मधल्या कुठल्या तरी सीव्हीच्या (नियंत्रणाच्या व्होल्टच्या) नॉबने व्होल्ट कमी केलेत. सुराच्या केबलवर असा नॉब असेल तर तो पूर्ण शंभर टक्क्यांवर हवा.

आणखी एक बारकावा सहसा उशिरा कळतो. रॅकमध्ये प्रत्येक केबल एका नमुन्याचा उशीर लावते, ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मायक्रोसेकंद. कानाला त्याचा पत्ता लागत नाही, पण क्लॉक (पुढच्या पायरीवर जा ही खूण) आणि रीसेट (पहिल्या पायरीवर परत या ही खूण) वेगवेगळ्या वाटांनी सीक्वेन्सरपर्यंत पोचले की गडबड होते. रीसेट आधी आणि क्लॉक एका नमुन्याने मागून आला, तर सीक्वेन्सर पहिल्या पायरीवर थांबायच्या ऐवजी दुसरीवर उडी मारू शकतो. रॅकच्या नियमावलीने यावर तोडगा सांगून ठेवला आहे: रीसेटनंतर एक मिलिसेकंदापर्यंत आलेले क्लॉक मॉड्यूलने दुर्लक्षित करावेत. सगळ्या मॉड्यूलकर्त्यांनी तो पाळलेला नसतो. पहिली पायरी गळत असेल तर आधी दोन्ही वाटांवरच्या केबला मोजा.

परीक्षा: रॅकला स्वर म्हणायला लावणं

सिंथेसायझर शिकवणारे बहुतेक धडे बेस, ड्रम आणि दूरवर घुमणारे सूर यांतच फिरतात. त्यात चूक झाली तरी आवाज ‘चालून जातो’. बोलण्याचं तसं नाही. आ वाजवायचा होता आणि ओ वाजला, तर कुणालाही लगेच कळतं. त्यासाठी संगीताचा कान लागत नाही. म्हणून रॅक कितपत शिकवतं हे तपासायला भाषा ही उत्तम कसोटी आहे.

स्वराची गोष्ट थोडक्यात अशी. गळा एक खरखरीत, भरगच्च सूर काढतो. तोंड आणि जीभ त्यातले काही पट्टे उचलून धरतात. त्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. पहिले दोन फॉर्मंट कळले की कान स्वर ओळखतो, तिसरा त्याला माणसाचा रंग देतो. मॉड्युलरच्या भाषेत: सॉ लहर (करवतीच्या दात्यांसारखी, भरगच्च), तिला समांतर लावलेले तीन बँडपास फिल्टर (मधला एकच पट्टा जाऊ देणारे), आणि पुढे एक मिक्सर.

आणि इथेच वर म्हटलेलं तेरावं मॉड्यूल लागतं. रॅकसोबत येणाऱ्या व्हीसीएफला लोपास (खालचे पट्टे जाऊ देणारं) आणि हायपास (वरचे जाऊ देणारं) अशी दोनच आउटपुट्स आहेत, बँडपास नाही. शिकवण्याच्या संचातली ही खटकणारी उणीव. एका व्हीसीएफच्या हायपासमधून दुसऱ्याच्या लोपासमध्ये गेलं की काम भागतं, पण तीन फॉर्मंटसाठी सहा फिल्टर होतात आणि ते जोडीजोडीने जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा बोगऑडिओचा मोफत संच उतरवावा. त्यातल्या व्हीसीएफला बँडपास आहे, आणि त्याच संचातलं ॲनालायझर मॉड्यूल आवाजाचा वर्णपट दाखवतं. पुढचं सगळं काम त्या वर्णपटाकडे डोळे ठेवूनच करायचं आहे.

व्हीसीओचा सूर १२० हर्ट्झ टाइप करा, आउटपुट सॉचं घ्या. तिन्ही फिल्टर बँडपासवर, प्रत्येकाची वारंवारता २६१.६३ टाइप करा. हा आकडा मुद्दाम: फिल्टर शून्य व्होल्टच्या सुरावर बसला की पुढे सीक्वेन्सरमधून जे व्होल्ट येतील ते सरळ हर्ट्झमध्ये मोजता येतात. आता सेक-३. त्याच्या तीन ओळी आणि आपले तीन फॉर्मंट, जणू यासाठीच बनवल्यासारखे. पहिली ओळ पहिल्या फिल्टरच्या सप्तकाला एक व्होल्ट मानणाऱ्या इनपुटला, दुसरी दुसऱ्याच्या, तिसरी तिसऱ्याच्या. पायऱ्या पाच.

आ साठी फॉर्मंट घ्या ६५०, १०८० आणि २६५० हर्ट्झ. व्होल्टमध्ये ते १.३१, २.०५ आणि ३.३४ होतात. ए : ४००, १७००, २६०० हर्ट्झ, म्हणजे ०.६१, २.७०, ३.३१ व्होल्ट. इ : २९०, १८७०, २८००, ०.१५, २.८४, ३.४२. ओ : ४००, ८००, २६००, ०.६१, १.६१, ३.३१. उ : ३५०, ६००, २७००, ०.४२, १.२०, ३.३७. दुसरे आकडे टाकायचे असतील तर सूत्र एकच: हर्ट्झला २६१.६३ ने भागा आणि भागाकाराचा दोनच्या पायाचा लॉगरिदम घ्या.

आकडे नुसते टाइप करून पुढे जाऊ नका, जरा बघा. ए आणि ओ यांची पहिली आणि तिसरी ओळ तंतोतंत सारखी आहे. फरक फक्त दुसऱ्या ओळीत. सीक्वेन्सर ए वर थांबवून ठेवा आणि दुसऱ्या ओळीचा तो एकच नॉब २.७० वरून सावकाश १.६१ वर आणा. ए बदलत बदलत ओ होतो, आणि मधे कुठेतरी धड मराठीत नसलेला एक स्वर लागतो. जीभ तोंडात पुढून मागे सरकते तेव्हा हेच घडतं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे दहा सेकंद जास्त शिकवतात.

रेझोनन्स (फिल्टर आपला पट्टा किती उचलून धरतो ते) कमी असेल तर पाचही स्वर एकाच भोंग्यातून आल्यासारखे वाजतात. जास्त असेल तर बोलणं जाऊन शिट्टी उरते. प्रत्येक फिल्टरचा रेझोनन्स शिट्टी सुरू होईपर्यंत वाढवा आणि तिथून बराच मागे या. आ च्या पहिल्या फॉर्मंटची रुंदी ८० हर्ट्झच्या आसपास ठेवली की आवाज पटतो, म्हणजे ॲनालायझरवर टोकदार सुळका नको, गोलसर टेकडी हवी. मिक्सरमध्ये पहिला फॉर्मंट पूर्ण, दुसरा आणि तिसरा ६ ते १५ डेसिबलने खाली. तिन्ही सारखे ठेवले तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका होतो. तीन रेझोनंट फिल्टरांची बेरीज सहज दहा व्होल्टच्या वर जाते, तेव्हा हेडफोन कानाला लावण्याआधी मिक्सर खाली घ्या. हा सल्ला फिल्टरच्या प्रत्येक प्रयोगाला लागू आहे; स्वतःच वाजू लागलेला फिल्टर पूर्ण पातळीवर कानात शिरला तर इजा होते.

इतकं करूनही वाजतं ते खेळण्यासारखंच. दोन गोष्टी राहिल्यात. माणसाचा सूर स्थिर नसतो: एलएफओ ५ हर्ट्झवर ठेवून व्हीसीओच्या एफएमला (सूर हलवणाऱ्या इनपुटला) लावा, एफएमचा नॉब १ टक्का. पाच व्होल्टच्या एलएफओचा एक टक्का म्हणजे ०.०५ व्होल्ट, सुमारे ६० सेंट (सप्तकाचे १२०० सेंट). गायकी थाटाला एवढं पुरे; बोलण्यासाठी त्याच्याही निम्मं. दुसरी गोष्ट, वाक्य संपताना सूर उतरतो. एन्व्हलपमधून ०.३ व्होल्टचा उतार व्हीसीओच्या सुरात मिसळला की तेच पाच स्वर अचानक काहीतरी सांगितल्यासारखे वाटतात. उतार उलटा केला तर प्रश्न.

सूर फार वर नेऊ नका. १२० हर्ट्झच्या सॉमध्ये दर १२० हर्ट्झला एक आंशिक सूर असतो, म्हणून फिल्टरच्या टेकडीखाली काहीतरी सापडतंच. सूर ५०० वर नेलात तर आंशिक सूर ५००, १०००, १५०० असे विरळ होतात. इ चा २९० चा पहिला फॉर्मंट तर मूळ सुराच्याही खाली राहतो आणि तिथे उचलायला काही नसतं. इ आणि उ मग नुसते पुसट सूर वाटतात. फिल्टर बिघडलेला नसतो. तार सप्तकात गाणाऱ्यांचे शब्द कळत नाहीत त्याचंही कारण हेच.

वेग बदलला की अक्षर बदलतं

सीक्वेन्सर पायरी बदलतो तेव्हा व्होल्ट उडी मारतात. जीभ मात्र सरकते. म्हणून प्रत्येक ओळ आणि फिल्टर यांच्यामध्ये प्रोसेस मॉड्यूलचं स्ल्यू आउटपुट (व्होल्टला उडीऐवजी सरकायला लावणारं) घाला. आता गेट सतत चालू ठेवून, आवाज न तोडता, इ वरून आ वर जा. सरकायला तीनशे मिलिसेकंद लागले तर ‘ईआ’ ऐकू येतं. तोच प्रवास ऐंशीएक मिलिसेकंदांत उरकला तर ‘या’. उ वरून आ वर तसंच केलं की ‘वा’. व्हीसीओ, फिल्टर, व्होल्ट काही बदललेलं नाही, फक्त वेळ. संधीच्या नियमात इ चा य आणि उ चा व का होतो, हे शाळेत घोकून घेतलेलं प्रकरण इथे नॉबच्या एका वळणावर ऐकू येतं. हास्किन्स प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात कृत्रिम आवाजावर नेमके असेच प्रयोग केले होते. त्यांच्याकडे रंगवलेल्या पट्ट्या वाचणारं यंत्र होतं, आपल्याकडे स्ल्यू आहे.

इथे एक खाच आहे. बऱ्याच स्ल्यू मॉड्यूल्सवरचा आकडा एकूण वेळेचा नसतो, ठरावीक व्होल्टमागच्या वेळेचा असतो. इ ते आ मध्ये पहिली ओळ १.१६ व्होल्ट सरकते, दुसरी ०.७९ आणि तिसरी जेमतेम ०.०८. तिन्हींना सारखा स्ल्यू लावला तर तिसरा फॉर्मंट आधी पोचतो, पहिला सगळ्यात शेवटी. कधी ते गोड लागतं, कधी अक्षर फाटल्यासारखं वाटतं. स्कोपवर तिन्ही रेषा बघून हवं तर पहिल्या ओळीचा स्ल्यू वेगळा जलद करा.

तीन ओळींना तीन स्ल्यू आणि तीन फिल्टर हा पसारा आवरायला रॅकच्या पॉलिफोनिक केबला आहेत; एका केबलीत सोळापर्यंत चॅनल. मर्ज मॉड्यूलने तीन ओळी एका केबलीत घ्या, एकच स्ल्यू, एकच फिल्टर, शेवटी सम मॉड्यूलने बेरीज. फसतात लोक ते पुढे: फिल्टर किती चॅनल चालवायचे हे ऑडिओ इनपुटवरून ठरवतो. सॉ एका चॅनलची राहिली तर एकच फॉर्मंट वाजतो आणि चूक कुठे ते दिसत नाही, कारण केबला सगळ्या बरोबर असतात. सॉसुद्धा दुसऱ्या मर्जच्या तिन्ही इनपुट्समध्ये लावून तीन चॅनलची करा. अर्थात, मग फॉर्मंटच्या पातळ्या वेगवेगळ्या ठेवणं अवघड होतं. शिकताना पसारा बरा.

वर्णमाला हाच पॅनेल

व्यंजनांसाठी मराठी माणसाकडे एक आयता नकाशा असतो. क, ख, ग, घ या क्रमात दोन स्विच लपलेले आहेत: घोष आणि प्राण. घोष म्हणजे सॉ चालू की बंद. प्राण म्हणजे स्फोटानंतर श्वासाचा झोत आहे की नाही, आणि श्वास म्हणजे नॉइज.

जोडणी अशी. सॉ एका व्हीसीएमधून, नॉइज मॉड्यूलचा पांढरा आवाज दुसऱ्या व्हीसीएमधून, दोन्ही मिसळून त्याच तीन फॉर्मंट फिल्टरांत. नॉइज वेगळ्या फिल्टरला लावू नका. ख मधला श्वासही पुढच्या स्वरासाठी तयार झालेल्या तोंडातूनच बाहेर पडतो. सॉच्या व्हीसीएला बोगऑडिओचं डीएडीएसआरएच द्या, कारण साध्या एडीएसआरला सुरुवातीचा विलंब नाही आणि इथे सगळा खेळ विलंबाचा आहे. नॉइजच्या व्हीसीएला साधा एडीएसआर: अटॅक सगळ्यात कमी, सस्टेन शून्य. सीक्वेन्सरचा क्लॉक २ हर्ट्झ, पाचही पायऱ्यांचे गेट चालू. गेट अर्धा वेळ वर, म्हणजे अक्षराला २५० मिलिसेकंद आणि पुढे तितकीच शांतता.

नॉइजचा डिके २० मिलिसेकंद आणि सॉचा विलंब २५ ठेवला की ‘का, के, की, को, कू’च्या जवळचं काहीतरी वाजतं. आता डिके आणि विलंब दोन्ही ९० वर न्या. ‘खा, खे, खी, खो, खू’. बाराखडीतल्या दोन ओळींमधलं अंतर ६५ मिलिसेकंद आहे, हे असं कानाने मोजता येतं. सॉचा विलंब शून्य करून नॉइज छोटा ठेवला की ग कडे झुकतं. घ ला दोन्ही एकदम हवेत: सॉ आणि लांब नॉइज एकमेकांत मिसळलेले, विलंब नाही.

बिघडतं ते सहसा रिलीजमुळे. सॉचा रिलीज लांब असेल तर मागच्या स्वराची शेपटी पुढच्या अक्षराआधीची शांतता भरून काढते. ती शांतता म्हणजे जीभ टाळूला टेकून वाट बंद झाल्याची खूण. ती गेली की क ऐकूच येत नाही, फार तर ह येतो. रिलीज ३० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. उलट अटॅक अगदी शून्याला भिडला तर प्रत्येक अक्षराआधी ‘टिक्’ वाजतं. सॉसाठी ५ मिलिसेकंद पुरतात.

वर्ग बदलायचा तर स्फोटाचा रंग बदला. त्यासाठी थोडा नॉइज फॉर्मंटना वळसा घालून चौथ्या बँडपासमधून आणा. प ला खालचे पट्टे, त ला वरचे, क ला मधले, तेही पुढच्या स्वराच्या दुसऱ्या फॉर्मंटला लागून. ट ठ ड ढ ण आणि ळ यांच्यासाठी मात्र आतापर्यंत नुसती बसून असलेली तिसरी ओळ कामाला येते. जीभ मागे वळली की तिसरा फॉर्मंट खाली घसरतो. ३.३ व्होल्टच्या जागी २.९ द्या, म्हणजे सुमारे २००० हर्ट्झ, आणि तिथून स्वराच्या जागी सरकू द्या. एकटा तिसरा फॉर्मंट खाली आणून ळ लगेच हाती लागत नाही. पण अक्षराला मूर्धन्य वळण येतं, ते ऐकल्यावर पटतं. स आणि श सोपे: नुसता नॉइज, स साठी पाच हजार हर्ट्झच्या वर हायपास, श साठी तीन हजारांच्या आसपास रुंद बँडपास. म आणि न यांच्याकडे या पॅचने जाऊ नये. नाकाचा मार्ग काही पट्टे खाऊन टाकतो, त्याला वेगळे नॉच फिल्टर लागतात, आणि मेहनतीच्या मानाने निकाल बेताचाच येतो.

तयार बोलणारी मॉड्यूल्स

एवढा खटाटोप नको असेल तर ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्सच्या संचातलं मॅक्रो ऑसिलेटर २ घ्या. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या एमिली जिले यांनी प्लेट्स नावाचं युरोरॅक (प्रत्यक्ष यंत्रांच्या मॉड्युलरचा एक प्रकार) मॉड्यूल बनवलं आणि कोड खुला ठेवला, त्याचं हे रॅकमधलं रूप. पहिल्या बँकेतलं आठवं मॉडेल बोलण्याचं. हार्मोनिक्स नॉब डावीकडे असताना आधी फॉर्मंट फिल्टर, मग सॅम या १९८२ च्या बोलक्या सॉफ्टवेअरच्या धर्तीचा आवाज, मग एलपीसी (बोलणं आकड्यांत साठवून पुन्हा उभं करायची पद्धत) स्वर, आणि आणखी पुढे शब्दांचे संच. मॉर्फ ध्वनी निवडतो. टिंबर तोंडाचा आकार बदलतो, राक्षसापासून खारीपर्यंत. शब्दांच्या भागात ट्रिगर दिला की शब्द उच्चारला जातो. तेव्हा एफएमचा छोटा नॉब आवाजातला चढउतार ठरवतो आणि मॉर्फचा छोटा नॉब वेग. शब्द अर्थातच इंग्रजी आहेत. त्यांतून मराठी काढायला जाऊ नये, पण स्वरांचा भाग हातच्या पॅचशी ताडून बघायला उत्तम: तुमचा आ आणि त्याचा आ दोन्ही ॲनालायझरवर शेजारी लावा.

त्याच संचातल्या मेटा मॉड्युलेटरमध्ये अल्गोरिदमचा नॉब पार शेवटी नेला की व्होकोडर (बोलण्याचा आकार दुसऱ्या आवाजावर चढवणारा) मिळतो. मायक्रोफोन ऑडिओ मॉड्यूलच्या इनपुटमधून मॉड्युलेटरला, सॉ कॅरियरला. मायक्रोफोनचा आवाज व्होल्टच्या हिशेबात फार क्षीण येतो, आधी वाढवून घ्या. स, श, च कळेनासे होतात, कारण सॉमध्ये वरच्या पट्ट्यांत ताकद उरलेली नसते. कॅरियरमध्ये थोडा पांढरा नॉइज मिसळला की शब्द उमटतात. स्पीकर चालू ठेवून हे करू नका, घुमेल. टेक्स्चर सिंथेसायझरमध्ये एखादा शब्द सोडून फ्रीझ दाबलं की त्याचे कण होतात: स्वर हवे तेवढे ताणता येतात, क-ट-प मात्र ताणले की विरघळतात. स्फोट ताणला की तो स्फोट राहत नाही, एवढं कळायला हे मॉड्यूल पुरेसं आहे.

कुणी घ्यावं, काय खटकतं

खऱ्या युरोरॅककडे जायचा विचार असेल तर रॅक म्हणजे चांगली रंगीत तालीम. पॅनेलची रुंदी इथेही एचपीमध्येच आहे (एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर), त्यामुळे ८४ किंवा १०४ एचपीच्या पेटीत काय काय मावेल ते आधी मांडून बघता येतं. मात्र काही सवयी लागतात त्या सोडाव्या लागतील. रॅकमध्ये एका आउटपुटमधून हव्या तितक्या केबला निघतात. खऱ्या यंत्रात त्यासाठी मल्टिपल किंवा एकावर एक लागणाऱ्या पिना लागतात, आणि सूर विभागायचा तर बफर असलेलं मल्टिपल, नाहीतर सूर उतरतो. वीजपुरवठ्याचे मिलिअँपिअर इथे कुणी मोजत नाही. रिबन केबल उलटी लावून मॉड्यूल जाळण्याची सोयही नाही. आणि पॅच सेव्ह होतो, ही सवय सगळ्यात वाईट.

माउसने एका वेळी एकच नॉब फिरतो, ही रॅकची खरी मर्यादा. स्वरांचा प्रयोग दोन हातांनी दोन फॉर्मंट फिरवल्याशिवाय पुरता रंगत नाही. नॉब असलेला साधा मिडी कंट्रोलर आणि मिडी मॅप मॉड्यूल, एवढ्याने चित्र पालटतं: पहिली दोन चक्रं पहिल्या दोन फॉर्मंटना, तिसरं स्ल्यूला. दोन मॉनिटर असतील तर ॲनालायझर वेगळ्या ओळीत, शक्यतो डोळ्यांसमोर.

जुन्या लॅपटॉपवर इंजिन मेनूतले थ्रेड सरसकट वाढवू नका. प्रत्येक वेळी फायदा होतोच असं नाही आणि पंखा मात्र लगेच ओरडतो. आधी सॅम्पल रेट ४४.१ वर आणा, मग एफ३ ने सगळ्यात खादाड मॉड्यूल शोधून काढा. वर सांगितलेला बाराखडीचा पूर्ण पॅच वीसेक मॉड्यूल्समध्ये बसतो, आणि त्यातलं एकही पैसे देऊन घ्यावं लागत नाही.